रॅम लेबलवरच्या वेगाने चालत नसेल तर काय तपासावे

पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम आणली, बसवली, संगणकही नीट सुरू झाला; पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेगाचा आकडा २१३३, २४०० किंवा २६६६ एवढाच दिसतो, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत असेंबल संगणक वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. पहिला संशय दुकानदारावर जातो आणि दुसरा रॅमवर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. लेबलवरचा आकडा ही त्या स्टिकची, म्हणजे रॅमच्या पट्टीची, क्षमता असते; त्या क्षमतेपैकी किती वापरायची हे प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग), मदरबोर्डचा चिपसेट (बोर्डाला काय काय जमेल हे ठरवणारी मुख्य चिप) आणि बायोसमधील (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमधील) सेटिंग हे तिघे मिळून ठरवतात, आणि या तिघांत जो सर्वांत मागे असेल त्याच्या चालीने बाकीच्यांना चालावे लागते. म्हणून रॅम परत करण्यासाठी कोल्हापूर किंवा पुण्याची वाट धरण्यापूर्वी मागे राहिलेला नेमका कोण आहे ते शोधावे. हे काम घरबसल्या, काहीही विकत न घेता करता येते. फक्त क्रम चुकवू नये आणि एका वेळी एकच बदल करावा.

आधी आकडा नीट वाचावा

डीडीआर प्रकारच्या रॅममध्ये घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहितीची देवाणघेवाण होते. त्यामुळे ३२०० म्हणून विकली जाणारी रॅम प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते आणि सेकंदाला प्रत्येक तारेवर ३२०० दशलक्ष वेळा माहिती पाठवते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या मेमरीच्या पानावर यातील पहिला, म्हणजे घड्याळाचा आकडा दाखवते. तिथे १५९६ किंवा १५९७ दिसले तर रॅम पूर्ण वेगाने चालत आहे, घाबरण्याचे काहीच कारण नाही. केवळ हा निम्मा आकडा पाहून चांगली रॅम परत करायला निघालेले लोक आजही भेटतात. टास्क मॅनेजर मात्र दुप्पट केलेला आकडा दाखवतो; तो पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबाव्यात, परफॉर्मन्स या भागात जाऊन मेमरी निवडावी आणि खाली उजवीकडे स्पीड असे लिहिलेले असते ते वाचावे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत या आकड्यापुढे मेगाहर्ट्झऐवजी एमटी/एस (सेकंदाला किती दशलक्ष वेळा देवाणघेवाण) असे दिसते; आकडा तोच आहे, एकक तेवढे अचूक केले आहे. त्याच ठिकाणी किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते, ते कागदावर टिपून ठेवावे.

स्टिकवरचे लेबलही लक्षपूर्वक वाचण्यासारखे असते. पीसी४-२५६०० असे लिहिलेले असेल तर त्या आकड्याला ८ ने भागावे, म्हणजे ३२०० मिळतात. पीसी५-४८००० म्हणजे ६०००. काही स्टिकवर ३२००एए, २६६६व्ही किंवा २४००टी असा अंक आणि अक्षर यांचा जोड असतो. यातील अक्षरे वरवर निरर्थक वाटली तरी पुढच्या तपासणीत त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो.

३२०० ची रॅम दोन प्रकारची असते

या संपूर्ण विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे थांबून समजून घ्यावे. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते आणि ती स्टिक कोणत्या वेगाला, कोणत्या टायमिंगवर (माहिती देण्याआधी किती ठोके थांबायचे ते), किती व्होल्टला चालेल याचे तक्ते त्या चिपमध्ये साठवलेले असतात. संगणक सुरू होताना बोर्ड हे तक्ते वाचतो. यातील काही तक्ते जेडेक या संस्थेने ठरवलेल्या मानकांनुसार असतात. डीडीआर४ या पिढीच्या रॅमसाठी हे मानक १.२ व्होल्टवर १६०० पासून ३२०० पर्यंत जाते, आणि कोणताही बोर्ड काही न सांगता यांपैकीच एखादा तक्ता निवडतो.

पहिल्या प्रकारच्या स्टिकमध्ये ३२०० हा वेग याच मानक तक्त्यात असतो. लेबलवर ३२००एए लिहिलेले असते, सीएल, म्हणजे माहिती मागितल्यावर थांबायचे ठोके, २२ असते, व्होल्टेज १.२ असते. अशी स्टिक बसवली आणि प्रोसेसरची हरकत नसली की ती आपोआप ३२०० वर चालते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे बहुतेक गेमिंगच्या, पत्र्याचा हीट स्प्रेडर लावलेल्या स्टिकमध्ये, मानक तक्ते २१३३, २४०० किंवा २६६६ पर्यंतच असतात. ३२०० आणि सीएल १६ हा तक्ता वेगळा, एक्सएमपी या नावाने साठवलेला असतो आणि त्यासाठी सहसा १.३५ व्होल्ट लागतात. बोर्ड हा तक्ता स्वतः होऊन कधीच निवडत नाही. तो वापरण्याची परवानगी बायोसमध्ये जाऊन आपण द्यावी लागते. इंटेलने ही पद्धत २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात आणली, आणि एएमडीने डीडीआर५ साठी एक्स्पो नावाची स्वतःची पद्धत २०२२ मध्ये आणली. दोन्ही कंपन्यांच्या अधिकृत भाषेत याला ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेग नेणे) म्हणतात, म्हणजे पाकिटावरचा तो मोठा आकडा अमुक बोर्डावर आणि अमुक प्रोसेसरवर चालेलच अशी हमी या दोन कंपन्या देत नाहीत. विक्रेत्याने हे खरेदीच्या वेळीच सांगायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढचा सारा मनस्ताप तिथेच टळतो.

आपली स्टिक कोणत्या प्रकारची आहे ते सीपीयू-झेडच्या एसपीडी या पानावर कळते. वर स्लॉटचा क्रमांक निवडला की खाली तक्त्यांचे रकाने दिसतात. रकान्याच्या डोक्यावर जेडेक लिहिलेले असते, आणि शेवटच्या रकान्यावर एक्सएमपी-३२०० असे काही असेल तर ती दुसऱ्या प्रकारची स्टिक आहे. पार्ट नंबरही इथेच दिसतो. तो लेबलवरच्या नंबराशी ताडून पाहावा. दोन्ही जुळत नसतील तर लेबल बदललेले असण्याची शक्यता असते, आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या रॅमच्या बाबतीत ही तपासणी पैसे देण्याआधीच करून घ्यावी. लिनक्स वापरणाऱ्यांना डीएमआयडीकोड या आज्ञेतून स्टिकचा मूळ वेग आणि सध्या ठरवलेला वेग हे दोन्ही वेगवेगळ्या ओळींत मिळतात.

प्रोसेसर आणि चिपसेट यांची मर्यादा

यानंतर प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि बोर्डचा चिपसेट पाहावा. इंटेलच्या स्वस्त चिपसेटवर रॅमचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे नेताच येत नाही. आपल्याकडच्या घरगुती आणि दुकानांतील संगणकांत नेमके हेच बोर्ड सर्वाधिक असल्यामुळे अर्ध्याअधिक तक्रारींचे उत्तर इथेच सापडते. एच ३१०, बी ३६०, बी ३६५ या बोर्डांवर आठव्या किंवा नवव्या पिढीचा आय ५ असेल तर मर्यादा २६६६ आहे, आणि आय ३-८१०० असेल तर २४००. एच ४१० आणि बी ४६० वर दहाव्या पिढीचा आय ३ किंवा आय ५ असेल तर २६६६, आय ७ किंवा आय ९ असेल तर २९३३. अशा संगणकात ३२०० ची रॅम २६६६ वर चालत असेल तर ती अगदी योग्य चालत आहे. बायोसमध्ये कितीही शोधले तरी त्यापुढचा पर्याय मिळणार नाही, आणि रॅम बदलून आणली तरी आकडा तोच राहील. मात्र अशा बोर्डावर एक्सएमपी प्रकारची स्टिक २१३३ वर अडकली असेल, तर बायोसमध्ये हाताने २६६६ निवडता येते का ते पाहून घ्यावे, कारण तेवढा वेग हा आपला हक्काचा आहे.

अकराव्या पिढीपासून बी ५६०, एच ५७०, झेड ५९० या बोर्डांवर आणि पुढे बी ६६०, बी ७६० यांवर रॅमचा वेग वाढवण्याची मुभा आहे. एच ५१० आणि एच ६१० यांवर ती नाही. एच ६१० वर आय ५-१२४०० असेल तर डीडीआर४ साठी ३२०० आणि डीडीआर५ साठी ४८०० ही हद्द आहे. अशा बोर्डासाठी ६००० ची महागडी डीडीआर५ घेणे म्हणजे फुकट खर्च. एएमडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे ए ३२० आणि ए ५२० सारख्या साध्या बोर्डांवरही रॅमचा वेग वाढवता येतो. अडचण येते ती प्रोसेसरच्या कंट्रोलरची. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या पहिल्या पिढीची अधिकृत मर्यादा २६६६ होती, रायझन ३-३२००जी ची २९३३ आहे, तर ३००० मालिकेतील ग्राफिक्स नसलेल्या आणि ५००० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसरची ३२००. या मर्यादेपलीकडे अनेक प्रोसेसर चालतात, पण प्रत्येक चालेलच असे नाही, आणि पहिल्या पिढीच्या रायझनवर ३२०० टिकले नाही म्हणून रॅमला दोष देता येत नाही.

बायोसमध्ये परवानगी देणे

बोर्ड आणि प्रोसेसर दोघांची मुभा असेल तर आता बायोसकडे वळावे. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबत राहिले की बायोस उघडते. एक्सएमपीचा पर्याय बहुधा पहिल्याच पानावर असतो. एएमडीच्या बोर्डांवर तोच पर्याय असूसमध्ये डीओसीपी आणि एमएसआयमध्ये ए-एक्सएमपी या नावाने आढळतो, आणि डीडीआर५ च्या बोर्डांवर एक्स्पो असे लिहिलेले असते. तो निवडावा, एफ १० दाबून सेटिंग साठवावे आणि संगणक पुन्हा सुरू होऊ द्यावा. दोन प्रोफाइल (साठवलेले तक्ते) दिसत असतील तर आधी पहिली वापरून पाहावी.

यानंतरची पाच मिनिटे संयमाची असतात. नवा वेग ठरवल्यावर बोर्ड प्रत्येक तारेवरील संदेशाची वेळ जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ वर हे काही सेकंदांत आटोपते, परंतु डीडीआर५ वर, विशेषतः एएमडीच्या एएम५ (प्रोसेसर बसवण्याच्या सॉकेटचा प्रकार) बोर्डांवर, पहिल्या वेळी काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो, पंखे फिरत राहतात आणि संगणक एकदोनदा स्वतःच बंद होऊन सुरू होऊ शकतो. हे पाहून घाबरून बटण दाबून धरले तर जुळवणी अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी बोर्ड ओव्हरक्लॉकिंग फसले असे समजून सगळे सेटिंग मूळ पदावर नेतो. मग वापरणाऱ्याला वाटते की एक्सएमपी लावूनही काही उपयोग झाला नाही. अनेक बोर्डांवर डीरॅम असे लिहिलेला छोटा दिवा असतो; तो लुकलुकत किंवा पेटलेला असेपर्यंत हात लावू नये.

जुन्या बायोसमुळेही रॅम पूर्ण वेगाने न चालण्याचे प्रकार होतात, आणि एएमडीच्या सुरुवातीच्या एएम४ व एएम५ बोर्डांवर नव्या बायोसने रॅमची सुसंगती मोठ्या प्रमाणात सुधारली आहे. अद्ययावत करण्यापूर्वी बोर्डचे नेमके मॉडेल आणि त्याची आवृत्ती पाहून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून फाइल घ्यावी. आमच्या भागासाठी एक सूचना कळकळीने करावीशी वाटते: जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः खानापूर तालुक्यात आणि जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला, चालू यूपीएस असल्याशिवाय बायोसला हात लावू नये. बायोस लिहिले जात असताना लाईट गेली तर रॅमचा वेग बाजूलाच राहतो, बोर्डच उठत नाही. अद्ययावत केल्यानंतर एक्सएमपीचे सेटिंग पुसले जाते, ते पुन्हा लावावे लागते हेही ध्यानात ठेवावे.

स्लॉट आणि जोडी

चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ अशी नावे असतात. यामागे कारण आहे. प्रत्येक चॅनेलची, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांमधल्या मार्गाची, तार आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या स्लॉटपर्यंत जाते. स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये बसवली तर पुढे तारेचे मोकळे टोक उरते, त्या टोकावरून संदेश परावर्तित होऊन मूळ संदेशात मिसळतो, आणि वेग जितका जास्त तितका हा त्रास वाढतो. २४०० वर काहीच जाणवत नाही, ३६०० वर मात्र संगणक उठेनासा होऊ शकतो. केवळ स्टिकची जागा बदलून ही अडचण सुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

स्टिक काढताना संगणकाची पिन काढावी, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच स्टिकला स्पर्श करावा. सोनेरी पट्ट्यांवर ओलाव्याचा किंवा धुळीचा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसून पूर्ण वाळू द्यावे. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि घासणे जोरात झाले तर सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, म्हणून मी ती सुचवत नाही. बेळगावच्या उद्यमबागमधील फाउंड्रीजवळच्या कार्यालयांत आणि निपाणीत तंबाखूच्या वखारींलगत असलेल्या दुकानांत स्लॉटमधली बारीक धूळ हे खरोखरचे कारण असू शकते. अशा ठिकाणी स्लॉट ब्लोअरने साफ करून मगच पुढे जावे. स्टिक बसवताना दोन्ही बाजूंच्या, किंवा एकाच बाजूला खटका असेल तर त्या बाजूच्या, खटक्याचा आवाज आला पाहिजे.

वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिक एकत्र बसवल्या तर बोर्ड दोघींना जमेल असा वेग निवडतो. एक २६६६ ची आणि दुसरी ३२०० ची असेल तर दोन्ही २६६६ वर चालतील. त्याहून फसवे प्रकरण दोन्हींवर ३२०० लिहिलेले असताना घडते. एक ३२००एए प्रकारची आणि दुसरी एक्सएमपी प्रकारची असेल, तर पहिलीला एक्सएमपीचा तक्ताच नसतो आणि दुसरीच्या मानक तक्त्यात ३२०० नसते. परिणामी दोघी २४०० किंवा २६६६ वर येऊन थांबतात, आणि एक्सएमपी लावले तर सीएल १६ पहिलीला न झेपल्यामुळे संगणक अडखळतो. अशा जोडीला बायोसमध्ये हाताने वेग ३२००, टायमिंग २२-२२-२२-५२ आणि व्होल्टेज १.३५ ठेवून पाहावे; पुष्कळदा एवढ्याने काम होते. शक्य असेल तर दोन स्टिकचा एकत्र पॅक घेणेच चांगले, कारण त्या दोघी एकमेकींबरोबर कारखान्यात तपासलेल्या असतात.

चार स्टिक बसवल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि वेग खाली येतो. डीडीआर५ मध्ये हा फरक मोठा आहे: रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकवर ५२०० आहे आणि चार स्टिकवर ३६००. कॅडचे मोठे असेंब्ली ड्रॉइंग उघडणाऱ्यांना जास्त क्षमता हवी असते. त्यांनी १६ जीबीच्या चार स्टिकऐवजी ३२ जीबीच्या दोन घ्याव्यात.

दुसऱ्या बाजूने, वेगाच्या नादात जोडीचा फायदा विसरू नये. ३२०० ची एकच स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती देऊ शकते, तर २१३३ च्या दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये (दोन्ही मार्ग एकदम वापरून) ३४ जीबीपर्यंत जातात. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना, म्हणजे ५६००जी सारखा प्रोसेसर घेणाऱ्यांना, हा फरक थेट पडद्यावर दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही हीच रॅम वापरते. तेव्हा एकच स्टिक असलेल्या संगणकात दुसरी बसवणे हा बायोसमधील कोणत्याही सेटिंगपेक्षा मोठा बदल आहे.

चालू असलेला वेग अचानक उतरला तर

ही तक्रार वेगळी आहे आणि सीमाभागात तिचे एक कारण विशेष आढळते. गणेशोत्सवाच्या तोंडावर बॅनरच्या कामांची घाई असताना बेळगावच्या शहापूरमधील एका डीटीपीच्या दुकानातला संगणक मंद झाला होता. रॅम ३२०० ची, आधी ३२०० वरच चालणारी, आणि आता २१३३ वर. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख काही वर्षे मागची दिसत होती आणि ब्राउझर अनेक संकेतस्थळे उघडायला नकार देत होता. मालक म्हणाले, “वळवात इजा चमकायला लागल्यापासून रोज मेन स्विच बंद करूनच जातोय की हो.” त्या एका वाक्यात निदान होते. बायोसची सेटिंग आणि घड्याळ बोर्डावरच्या सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या बटण सेलवर टिकून असतात. संगणकाला मेनची वीज मिळत असते तोवर सेलवर भार जवळजवळ नसतो. प्लग काढला किंवा मेन बंद केला की सारा भार सेलवर येतो. रोज रात्री मेन बंद होत असेल तर सेल लवकर संपतो, सेटिंग पुसली जाते, एक्सएमपी निघून जाते आणि रॅम मानक वेगावर येते. सेल बदलला, तारीख दुरुस्त केली, एक्सएमपी पुन्हा लावले, आणि काम मार्गी लागले. विजांच्या दिवसांत प्लग काढणे योग्यच आहे, ते थांबवू नये. सेल तेवढा वेळेवर बदलावा. रॅमचा वेग आणि तारीख एकाच वेळी बिघडली असेल तर दुसरे काही शोधण्याआधी सेल बदलावा.

तारीख बरोबर असूनही वेग उतरला असेल तर लाईट काही सेकंदांच्या अंतराने जाऊन-येऊन संगणक सुरू होतानाच बंद पडला का, हे आठवून पाहावे. असे एकदोनदा लागोपाठ झाले की अनेक बोर्ड सुरक्षिततेसाठी स्वतःहून मूळ सेटिंग लावतात. यूपीएस नसेल तर लाईट आल्यावर ती स्थिर होईपर्यंत थांबून मग संगणक सुरू करावा.

वेग मिळाला, आता तो टिकतो का

टास्क मॅनेजरमध्ये हवा तो आकडा दिसणे म्हणजे काम संपणे नव्हे. अस्थिर रॅमची चूक लगेच दिसत नाही. फाइल साठवताना एखादा अंक बदलतो आणि हिशेबाची किंवा छपाईची फाइल पुढे कधीतरी उघडेनाशी होते. ज्यांची रोजी संगणकावर आहे त्यांनी चाचणी चुकवू नये. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून सुरू करावा आणि चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. एकही चूक आली तर तो वेग स्वीकारू नये, कारण रॅमच्या बाबतीत थोड्या चुका चालतात असे काही नसते. चाचणी शक्यतो दुपारी, खोली जशी रोज तापते तशी तापलेली असताना करावी. पत्र्याच्या शेडमधल्या कार्यालयात रात्री पास झालेली डीडीआर५ एप्रिलच्या दुपारी चुका देऊ शकते.

चूक आली तर आधी एक-एक स्टिक वेगळी तपासावी. एकटी असताना दोन्ही चांगल्या चालत असतील तर अडचण जोडीची किंवा कंट्रोलरची आहे. मग टायमिंग तेच ठेवून वेग एक पायरी खाली आणावा, म्हणजे ३२०० ऐवजी २९३३ किंवा ३६०० ऐवजी ३४६६. प्रतीक्षेचा काळ सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंदांत मिळतो: ३२०० सीएल १६ ला १० नॅनोसेकंद, २९३३ सीएल १६ ला सुमारे १०.९, आणि ३२०० सीएल २२ ला १३.७५. म्हणजे २९३३ वर स्थिर चालणारी सीएल १६ ची रॅम अनेक कामांत सीएल २२ च्या ३२०० पेक्षा उजवी ठरू शकते, आणि त्या शेवटच्या पायरीसाठी व्होल्टेज वाढवत बसण्याची गरज उरत नाही. एएम५ बोर्डावर तर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणारे) १.३ च्या वर कधीही नेऊ नये. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीनेच ही मर्यादा घालून दिली आहे.

लॅपटॉपसाठी एवढे सगळे करण्याची गरज नसते, कारण बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच नसतो आणि वेग प्रोसेसर ठरवतो. आय ५-८२५०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची स्टिक २४०० वर चालेल, आय ५-१०२१०यू मध्ये २६६६ वर. यात नुकसान काहीच नाही. लॅपटॉपसाठी १.२ व्होल्टची ३२००एए प्रकारची स्टिक घ्यावी आणि निश्चिंत राहावे.

एवढे सगळे करूनही प्रोसेसर आणि बोर्ड यांची मुभा असलेल्या वेगावर एकच विशिष्ट स्टिक, योग्य स्लॉटमध्ये एकटी बसवलेली असताना, चुका देत असेल तरच ती सदोष मानावी. बदलून घ्यायला जाताना पक्की पावती, सीपीयू-झेडच्या एसपीडी पानाचा फोटो, मेमटेस्टच्या चुकांचा फोटो आणि बोर्ड व प्रोसेसर यांची नावे लिहिलेला कागद सोबत न्यावा. रॅम सीमेपलीकडच्या गावातून घेतलेली असेल तर निघण्याआधी फोन करून वॉरंटीचे काम दुकान करते की उत्पादकाच्या सर्व्हिस सेंटरला जावे लागते ते विचारून घ्यावे, आणि दोन स्टिकचा पॅक असेल तर दोन्ही स्टिक घेऊन जाव्यात, कारण असा पॅक सहसा जोडीनेच बदलून मिळतो.